नवीन स्पीकर 'मोकळे' व्हायला शंभर तास वाजवायचे का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली: मंडळी, सल्ला पाहिजे. हॉलसाठी साडेसहा इंची वूफरची (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या खोक्यांची जोडी घेतली. हॉल दहा बाय बारा, खाली फरशी, वर स्लॅब. दुकानात आवाज भरदार वाटलेला, घरी बेस पातळ आणि झांजा कानात टोचतात. दुकानदार म्हणतो, नवीन इंजिनासारखं असतंय, शंभर तास वाजू द्या, मोकळे होतील. बदलून द्यायची मुदत दहा दिवसांची. रोज तीन तास लावले तरी महिना जाणार. रात्रभर चालू ठेवावेत तर शेजारच्या काकू दारात येतील.

उद्यमनगर_लेथ: इंजिनात धातूवर धातू घासतो, म्हणून रनिंग-इन. स्पीकरात घासायला काय आहे? कोनला, म्हणजे समोरच्या हलणाऱ्या पडद्याला, ढकलणाऱ्या तारेच्या कॉइलला मधोमध धरणारी चुण्यांची कापडी चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. ती राळेनं कडक केलेली असते. कोनच्या कडेला रबर. नव्यात दोन्ही जरा ताठ असतात. कोन जोरात पुढंमागं हलला की ताठपणा उतरतो आणि वूफरची रेझोनन्स फ्रीक्वेन्सी, म्हणजे तो ज्या स्वराला सगळ्यात सहज हलतो ती, थोडी खाली येते. हे खरं आहे, मोजता येतं. पण त्यातला बहुतेक फरक पहिल्या काही मिनिटांत, फार तर काही तासांत पडून जातो. खोक्यात बसवलेल्या वूफरवर तर त्याचा परिणाम आणखी कमी, कारण आतली हवाही स्प्रिंगचंच काम करते. झांजा ट्वीटरमधून, म्हणजे वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरमधून येतात. त्याचा डोम (छोटा घुमटासारखा पडदा) हलतोच इतका कमी, की त्यात मोकळं व्हायला फारसं काही नाही. शंभर तासांनी बदलतो तो बहुतेक कान. सवय होते.

मंगळवार_पेठ_वायरमन: वायरीपण मुरवाव्या लागतात म्हणे?

उद्यमनगर_लेथ: मुरवायचं ते लोणचं. पुढं चला.

देवल_क्लबचा_श्रोता: सातवी गल्ली, सोफा कुठं आहे? हॉलच्या मधोमध असेल तर बेस तिथंच गेला. बारा फुटांच्या लांबीला खोलीचा पहिला अनुनाद (ज्या खालच्या स्वराला खोली घुमते तो) साधारण ४७ हर्ट्झला, दहा फुटांना ५६ च्या आसपास. भिंतीपाशी तो दणदणतो, बरोबर मध्यावर जवळजवळ ऐकूच येत नाही. सोफा दोन-अडीच फूट मागं सरकवा. स्पीकर भिंतीजवळ नेले की बेस वाढतो, कोपऱ्यात नेले की घुमायला लागतो. सहा-सहा इंचांनी सरकवत बघा. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. उघड्या फरशीवर आवाज आपटतो, तिथं जाड सतरंजी आणि खिडकीला पडदा. टोचणं निम्मं तिथंच कमी होईल असं माझं मत.

त्याआधी वायरी बघा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली की दोघांचा बेस एकमेकांना मारतो. दोन्ही जवळ आणून मोनोत (दोन्हीकडून एकच आवाज) गाणं लावा, मग अॅम्प बंद करून एकाच स्पीकरची जोडणी उलटवा आणि पुन्हा ऐका. ज्यात बेस जास्त, ती जोडणी बरोबर.

आणि पारख करायला ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या लावू नका. अल्लादियाखाँसाहेबांमुळे आपल्या कोल्हापूरला जयपूर-अत्रौली गायकीचा अभिमान आहे, पण त्या जुन्या मुद्रणांत खालचे स्वर मुळातच फारसे नाहीत. अलीकडचं, पखवाज किंवा बायाँ नीट ऐकू येणारं मुद्रण घ्या.

शिवाजी_पेठ_भावा: तरीपण वाजवायचेच असतील तर भावा, दोन्ही समोरासमोर तोंडाला तोंड लावून ठेव, एकाची वायर मुद्दाम उलटी कर आणि वरनं जाड वाकळ टाक. कोन हलतात, बाहेर आवाज कमी. काकू खूश. व्हॉल्यूम मध्यम ठेव, डॉल्बीसारखा नको. छोटा अॅम्प फुल्ल ताणला की आवाज फाटतो आणि पहिला ट्वीटर जळतो. झालं की वायर सरळ करायला विसरू नको.

राजारामपुरी_सातवी_गल्ली: सोफा मधोमधच आहे! आज सरकवतो, वायरीपण तपासतो. म्हणजे दुकानदाराचे शंभर तास सोडून द्यायचे?

देवल_क्लबचा_श्रोता: एक दिवस वाकळीखाली, दोन दिवस जागा बदलून ऐका. तेवढ्यानं पटलं नाही तर मुदतीच्या आतच परत द्या. शंभर तास होईपर्यंत मुदत संपते, हे दुकानदारालाही कळतंच.

उद्यमनगर_लेथ: बिल आणि खोकं थर्माकोलसकट जपून ठेव. परत घेताना पहिलं तेच मागतात.