आधी अंग निवू दे, मग बोलू: समुपदेशनात हे कितपत खरं?

मोकळी_ओसरी (धागाकर्ती)

अकरा वर्षं नाशकात समुपदेशन करते. सुरुवातीला क्लायंट येऊन बसला की लगेच "सांगा, काय झालं?" शिकवलंच तसं होतं. एकदा एक बाई आल्या. खुर्चीच्या कडेवर बसलेल्या, पर्स मांडीवर घट्ट धरलेली, नजर सारखी बंद दाराकडे. मी पंचवीस मिनिटं फार हुशार प्रश्न विचारले आणि त्यांनी "हो", "नाही"वर काम भागवलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "दार जरा उघडं ठेवलं तर चालेल का?" दार उघडलं आणि बाई बोलायला लागल्या.

धोका जाणवला की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी यंत्रणा, जोर धरते. छाती धडधडते, हात गार पडतात, भूक मरते. लढा किंवा पळा, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915मध्येच मांडलं. अशा वेळी दिलेला सल्ला म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आता पहिली दहा मिनिटं मी भूतकाळाला हात लावत नाही. कुठे बसायचं ते क्लायंट ठरवतो. आज काय होईल, किती वेळ चालेल, मध्येच थांबता येईल, हे आधी सांगते. माझं स्वतःचं बोलणंही मुद्दाम संथ ठेवते, कारण मी घाईत असले की समोरचा आणखी आवळून बसतो.

मानसशास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस यांची पॉलीव्हेगल मांडणी (व्हेगस या चेतेच्या शाखांवरून भीती आणि सुरक्षितपणा समजावणारी) वाचल्यावर यातलं बरंच उलगडलं. माझ्या काही सहकाऱ्यांना मात्र हे सगळं फॅड वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

काटेकोर

मेडिकलच्या पोरांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. तुमची खुर्ची मान्य, दार मान्य. पोर्जेसना मध्ये का आणलंत?

व्हेगस ही मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी दहावी चेता. घसा, हृदय, फुप्फुसं, आतडी असा तिचा लांबलचक फेरफटका. तिच्यातले साधारण 80 टक्के तंतू शरीराची खबर वर मेंदूकडे नेतात. इथवर वाद नाही. पोर्जेस म्हणतात, व्हेगसची एक जुनी शाखा माणसाला थिजवते आणि सस्तन प्राण्यांत आलेली नवी, आवरणयुक्त तंतूंची शाखा त्याला माणसांत आणते. पण हृदयाला जाणारे आवरणयुक्त व्हेगस तंतू फुप्फुसमाशातही सापडले, 2018मध्ये. मग सस्तनांची खासियत ती काय राहिली? शिवाय श्वासाबरोबर नाडी कमीजास्त होते, त्यावरून व्हेगसचा जोर मोजायची यांची पद्धत. श्वासाचा वेग बदलला की तो आकडाही बदलतो. ग्रॉसमन आणि टेलर यांनी 2007मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं.

आणि ते "व्हेगस जागवा" रील्स! चेहऱ्यावर गार पाणी मारलं की नाडी मंदावते, खरं आहे. त्याने बालपणीची जखम भरते, हे कुणी सांगितलं?

पाणवठा

काटेकोर, सिद्धांत लंगडा असेल, पण उपाय चालतो त्याचं काय? 2001च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्नार्डींचा अभ्यास आहे. लॅटिनमधली मेरीची प्रार्थना म्हणा किंवा "ॐ मणि पद्मे हुम्", श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदय-रक्तदाबाची लय जुळते. लोणावळ्यात कुवलयानंदांनी 1924मध्ये कैवल्यधाम काढलं ते योगाला प्रयोगशाळेत तपासायलाच. आमची आजी रोज माळ ओढायची, तिला कुठला पोर्जेस ठाऊक होता?

तिरपा_चष्मा

आली का आजी! मी घड्याळ लावूनच बसलो होतो.

कोपऱ्यातली_खुर्ची

तुम्ही सगळे टेबलाच्या त्या बाजूचे दिसता. मी या बाजूची आहे.

माझ्या पहिल्या समुपदेशकाने पहिल्याच भेटीत "डोळे मिटा, खोल श्वास घ्या" म्हणून सांगितलं. डोळे मिटले की मला तेच दिसायचं, जे विसरायला मी तिथे गेले होते. घाबरून भराभर मोठे श्वास घेत गेले, बोटांना मुंग्या आल्या, गरगरलं. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही प्रतिकार करताय." पुन्हा गेले नाही.

दुसऱ्या मॅडमनी श्वासाचा विषयच काढला नाही. "डोळे उघडे ठेवा, खोलीत निळ्या रंगाचं काय काय आहे ते सांगा," एवढंच. निळी फाइल, निळी बादली, त्यांचं पेन. बादलीवर आम्ही दोघी हसलो. मला सुरक्षित वाटलं असेल तर ते त्या हसण्यानंतर.

काटेकोर

ताई, तुमचा अनुभव विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे. जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मुंग्या त्याच्याच. "खोल" म्हणण्याऐवजी "सावकाश सोडा" म्हणायला हवं होतं, आणि नको म्हटल्यावर थांबायला हवं होतं.

अजून एक. छातीत धडधड, हातांना कंप, वजन उतरतंय, अशा माणसाला ट्रॉमाचं लेबल लावण्याआधी थायरॉइड तपासा. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण समुपदेशकाची पाटी दोन दिवसांच्या शिबिरानंतरही लागलेली दिसते. माझा राग त्यावर आहे.

कोर्टाची_पायरी

कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस लढवते. एका अशिलाला तिच्या समुपदेशकाने तीन महिने "शरीर शांत करायला" शिकवलं. नवरा त्याच घरात, मारणं चालूच. तिचं अंग घाबरत होतं ते बरोबरच घाबरत होतं! तिला 2005च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, घरात राहण्याचा आदेश मागता येतो, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. खोलीत निर्धास्त वाटून ती पुन्हा त्याच घरी जाणार असेल, तर त्या निर्धास्तपणाची मला भीती वाटते.

मोकळी_ओसरी

वकीलताई, हे लागलं. पहिल्या भेटीत "आज घरी जाणं सुरक्षित आहे का?" हे मी विचारते, पण प्रत्येकाला विचारत नव्हते. आता विचारेन. काटेकोर, पोर्जेसना बाहेर काढूनही माझी दहा मिनिटं तशीच राहतात, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. क्लायंटना त्या शाखांची चित्रं काढून दाखवायचे, ते बंद करते.

तिरपा_चष्मा

चेष्टा बाजूला ठेवून एक शंका. दार उघडं ठेवलंत, मग गोपनीयतेचं काय? बाहेरच्या बाकावर माणसं असतीलच ना?

मोकळी_ओसरी

त्या दिवशी होती, आणि माझं चुकलंच. आता बाक जिन्यापाशी नेला आहे. दार बंद असतं, पण कडी लावत नाही, आणि क्लायंटची खुर्ची दाराजवळ.

कोपऱ्यातली_खुर्ची

दाराजवळ ठीक, पण दाराकडे पाठ करून नको. मला कोण आत येतंय ते दिसावं लागतं.