मदत हवी आहे: योकोहामात साडेपाच तास, कामाकुरा जमेल का?

नमस्कार मंडळी,

कंटेनर जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. येत्या गुरुवारी आमची बोट योकोहामाला होनमोकूच्या धक्क्याला लागतेय. मागच्या खेपेलाही इथे आलो होतो, पण सगळा वेळ तेल शुद्ध करायचा प्युरिफायर उघडून बसण्यात गेला. रात्री डेकवर हात पुसत उभा राहिलो तेव्हा बे ब्रिजचे दिवे दिसले, तेवढंच माझं जपान!

या वेळी सेकंड इंजिनिअरने साडेबाराला सोडायचं कबूल केलंय. गँगवेवरच्या (बोटीच्या शिडीवरच्या) पाटीवर परतायची वेळ सहा असेल. टर्मिनलमध्ये पायी हिंडू देत नाहीत, त्यामुळे गेटपर्यंत जाण्यायेण्यातच अर्धा तास जाणार.

बायको म्हणते कामाकुराचा बुद्ध बघून ये. मला मात्र यामाशिता पार्कसमोर बांधून ठेवलेली ‘हिकावा मारू’ ही जुनी बोट बघायचीय. दोन्ही होईल? नाहीतर काय सोडू? आणि होनमोकूहून निघायचं कसं? नकाशावर जवळपास रेल्वे स्टेशन दिसत नाही.

प्रतिसाद

कामाकुराचा नाद सोडा. योकोहामा स्टेशनहून गाडीने २५ मिनिटं म्हणतात ते खरं, पण आधी होनमोकूहून बसने स्टेशन गाठा, कामाकुराला उतरून एनोदेन या छोट्या लोकल गाडीने हासे स्टेशन, तिथून चालत. परत तेच सगळं. बुद्ध तेराव्या शतकापासून तिथेच बसलाय, पुढच्या खेपेपर्यंत कुठे जात नाही. बोट मात्र थांबणार नाही.

हिकावा मारूला जाच. १९३० ची बोट, सिएटलच्या फेऱ्या करायची, युद्धात हॉस्पिटल शिप झाली. १९३२ मध्ये चॅप्लिन हिच्यातूनच जपानहून परत गेला. वर फर्स्ट क्लासचं डायनिंग सलून छान आहे, पण तुम्ही आधी खाली इंजिनरूममध्ये उतरा. बी अँड डब्ल्यू कंपनीची डबल-ॲक्टिंग डिझेल इंजिनं आहेत, पिस्टनच्या दोन्ही बाजूंना फायरिंग. पुस्तकातली आकृती समोर उभी. सोमवारी बंद असते, तुमचा गुरुवार आहे. साडेचारनंतर आत सोडत नाहीत.

पार्कातच भारतीय व्यापाऱ्यांनी दिलेलं पाण्याचं कारंजं आहे. १९२३ च्या भूकंपात इथल्या लोकांनी त्यांना मदत केली, त्याची परतफेड. हा पार्कसुद्धा त्याच भूकंपाच्या मलब्याचा भराव घालून केलाय.

गेटवरून टॅक्सीच करा, दोघे-तिघे असाल तर परवडते. खलाशांसाठीच्या सीफेअरर्स मिशनची व्हॅन मिळते का ते बोटीच्या एजंटला आधीच विचारा. शोअर पास (किनाऱ्यावर उतरायचा परवाना) अंगावर ठेवा, आणि येन कॅप्टनकडून आदल्या दिवशीच मागून घ्या.

धागाकर्ता

आभार, दादा. डबल-ॲक्टिंगचं सेकंडला वाचून दाखवलं, आता तोही येतो म्हणतोय. म्हणजे मागे फोर्थ एकटा. त्याला अजून सांगितलेलं नाही.