मिझोरममध्ये चर्च मत कोणाला द्यायचे ते सांगत नाही

ईशान्येत चर्च सांगेल त्या पक्षाला लोक मत देतात, हे विधान मिझोरमपुरते तरी मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. काँग्रेस असो वा मिझो नॅशनल फ्रंट, उमेदवार बहुतेक त्याच चर्चचे सभासद असतात, त्यामुळे एकाची बाजू घेणे चर्चला परवडणारेही नाही. प्रभाव आहे तो निवडणूक कशी लढवावी यावर. प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने २००६ मध्ये स्थापन झालेला मिझोरम पीपल्स फोरम पक्षांशी लेखी करार करतो. घरोघरी प्रचार नाही, मतदारांना मेजवानी नाही, फलक आणि झेंडे ठरलेल्या मर्यादेत, आणि सर्व उमेदवारांनी एकाच व्यासपीठावर येऊन पाळीपाळीने बोलायचे. इतर राज्यांतला पैशांचा धुडगूस पाहताना मला याचा खरोखर हेवा वाटतो.

मात्र धोरणावरचा दबावही तितकाच खरा आहे. १९९७ पासून लागू असलेली दारूबंदी काँग्रेस सरकारने चर्चचा विरोध असतानाही २०१४ च्या कायद्याने शिथिल केली. २०१८ मध्ये ४० पैकी अवघ्या ५ जागा मिळवून तो पक्ष सत्तेबाहेर गेला (कारण एवढे एकच नव्हते, हेही मान्य करायला हवे), आणि नव्या सरकारने २०१९ मध्ये बंदी परत आणली. २०२३ मध्ये तर ३ डिसेंबरला रविवार येत असल्याने, प्रार्थनेच्या दिवशी मतमोजणी नको या मागणीवरून निवडणूक आयोगाने ती ४ तारखेला घेतली.