विचारायचंच तर तळटीपांवर विचारा

संशोधकांनी आपल्या नव्या पुस्तकावर बोलणं हे प्राध्यापकांपुरतंच असतं, असं म्हणतात. अर्धं पटतं. पण विषय गावकरीचा, म्हणजे गोव्यात गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, निघाला की पणजीतला श्रोता गप्प बसत नाही! १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीजांच्या सनदेत, गावकऱ्यांचे हक्क, चालीरीती नोंदवल्या गेल्या, त्या पोर्तुगीज कारभाराच्या सोयीसाठी. सारा वसूल व्हायला हवा होता ना. मग त्यात कुळं किती दिसतात, बायका किती, हे लेखकाला थेट विचारावं. मोडी, गोंयकानडी या जुन्या लिप्यांतले कागद पाहिले की पोर्तुगीजवरच भागवलं, हेही. उत्तर टाळलं तर काय ते समजायचं. अशा पुस्तकांच्या किमती मात्र हाताबाहेरच्या. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आधी चौकशी करा.