हुशार मुलांच्या वर्गात गेल्यापासून मुलगी स्वतःला 'ढ' म्हणते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मुलगी तेरा वर्षांची आहे. अगदी लहानपणीच कुणी न शिकवता वाचायला लागली, मग शाळेत कायम पहिली. अभ्यास असा कधी केलाच नाही, तशी गरजच पडली नाही. गेल्या वर्षी निवड चाचणी देऊन ती एका खास वर्गात गेली. तिथे तीस मुलं, आणि प्रत्येक जण आपापल्या जुन्या वर्गात पहिला. त्यांच्यात ही एकोणिसावी. मार्क ८० च्या आसपास. पेपर नेहमीच्यापेक्षा बरेच अवघड असतात, त्यामुळे मला मार्कांची काळजी नाही. खरं सांगायचं तर ती पूर्वीपेक्षा जास्त शिकतेय.

पण ती बदललीय. परवा तिची वही पाहिली तर उत्तरं इतक्या फिकट पेन्सिलीने लिहिलेली की वाचता येईनात. विचारलं तर म्हणाली, "चुकलं तर पटकन खोडता येतं." चाचणीत दोन गणितं कोरी सोडली होती, आणि ती तिला येत होती! "मी ढच आहे, आधी कुणाला कळलं नव्हतं इतकंच," हे तिचं आता पालुपद झालंय.

मैत्रिणींचं आणखी वेगळंच. जुन्या वर्गात सगळ्यांनी आपल्यात घ्यावं म्हणून ती मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची, हे मला आत्ता कळलं. तेव्हा 'शिष्ट' म्हणायचे, आता कुणी काहीच म्हणत नाही. सुट्टीत एकटी वाचत बसते. शेजारच्या आजोबांशी मात्र ग्रहताऱ्यांवर तासभर बोलते.

नवरा म्हणतो जुन्या वर्गात परत घालू. मला ते हार मानल्यासारखं वाटतं, पण हा माझाच अहंकार नाही ना, अशीही शंका येते. कुणाच्या घरी असं झालंय का?

खडूची धूळ:
ताई, वीस वर्षं शिकवतोय, दरवर्षी असं एखादं मूल असतंच. आपल्याकडे 'वासरात लंगडी गाय शहाणी' म्हणतात ना, त्याच्या उलट बाजूवर हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात संशोधन केलं. समान क्षमतेची दोन मुलं घ्या. ज्याच्या भोवती जास्त हुशार मुलं, त्याचं स्वतःच्या अभ्यासाबद्दलचं मत खाली जातं. मूल स्वतःला मोजताना जगाची पट्टी लावत नाही, शेजारच्या बाकाची लावतं. असं पुढे अनेक देशांत दिसलं.

पण घसरतं ते मुख्यतः अभ्यासाबद्दलचं मत. शॅव्हेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच मांडलं होतं की स्व-प्रतिमा एकसंध नसते: अभ्यासातला मी वेगळा, मित्रांमधला मी वेगळा, शरीराबद्दलचा वेगळा. तुमच्या मुलीचे दोन कप्पे एकदम हललेत, म्हणून जास्त जाणवतंय. वर्ग बदलून पहिला कप्पा कदाचित सावरेल. दुसरा तर जुन्या वर्गातही रिकामाच होता.

शिक्षकांना भेटून एवढं मागा: वर्गात क्रमांक वाचून दाखवू नका.

उगाच_एक:
८० टक्के पडूनही रडारड? ज्यांची मुलं काठावर पास होतात त्यांनी काय करायचं मग?

धागाकर्ती:
@उगाच_एक, मार्कांची तक्रार नाहीच, वर लिहिलंय. येत असलेलं गणित कोरं सोडण्याची आहे.

अर्धी_इयत्ता:
मी लहानपणी एक इयत्ता गाळून पुढे गेलेली, म्हणून लिहितेय. कोरं गणित मला चांगलं ओळखीचं आहे. सोडवून चुकलं तर 'येत नाही' सिद्ध होतं. सोडवलंच नाही तर 'केलं नाही' एवढंच. झाकली मूठ.

म्युलर आणि ड्वेक यांचा १९९८ चा प्रयोग आहे, पाचवीच्या मुलांवरचा. काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत चांगली केलीस'. पुढे अवघड कोडी आल्यावर 'हुशार' म्हटलेल्या मुलांची ती सोडवत राहायची इच्छा कमी झाली, आणि नंतरची सोपी कोडीही त्यांना आधीपेक्षा कमी जमली. मला घरी जन्मभर 'हुशार' म्हटलं गेलं. प्रेमानेच म्हणत होते हो सगळे.

मैत्रीबद्दल: लेटा हॉलिंगवर्थ यांनी फार उच्च बुद्ध्यंकाच्या मुलांचा अभ्यास केला होता, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९४२ मध्ये छापला गेला. अशा मुलांना सवंगडी मिळत नाहीत, कारण त्यांनी रचलेले गुंतागुंतीचे खेळ त्याच वयाच्या पोरांना झेपत नाहीत, असं त्यांचं निरीक्षण. मला कॉलेजात एक मैत्रीण मिळाली, एकच, आणि पुरली. आजोबा सोडवू नका. पण तिच्याच वर्गात ग्रहताऱ्यांचं वेड असलेलं आणखी कुणी आहे का, ते शोधा. तीसजणांत असेलच.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. शिक्षिकांना सोमवारी भेटतेय. दरम्यान मी एक आगाऊपणा केला. तिला आपली प्रगती दिसावी म्हणून जुन्या शाळेतला पेपर सोडवायला दिला. वीस मिनिटांत संपवला. मी खूश. ती म्हणाली, "बघ, किती सोपा होता. म्हणून तर पहिली यायचे." आता काय बोलू?

खडूची धूळ:
काही बोलू नका, तिचं म्हणणं निम्मं खरंच आहे. तो पेपर ठेवून द्या. या वर्गातली पहिल्या महिन्याची वही काढा. तेव्हा अडलेलं, आता सुटणारं एखादं गणित त्यात नक्की असेल. ते तिलाच शोधू द्या, आणि पेन देऊन बसवा.