मदत हवी: मारुती ८०० (१९९६, कार्ब्युरेटर), ऑइलमध्ये पाणी. हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलू की इंजिनच बदलू?

प्रश्न: रविवार_गॅरेज

गाडी १९९६ची, एफ८बी इंजिन, ७९६ सीसी. घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. आता रेडिएटरमधलं पाणी दोन दिवसांत अर्धा लिटर उतरतं, बाहेर मात्र कुठेही गळती दिसत नाही. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) चहाच्या रंगाचा फेस आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पहिल्या सिलिंडरला १६५ पीएसआय, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ७५. चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं तरी आकडे तेच.

मेकॅनिकचं म्हणणं आहे की कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून बसवावं, दोन दिवसांचं काम आहे. घरी साखळी-कप्पी आणि पाने आहेत. काय करावं? आणि ओम्नीचं किंवा ऑल्टोचं इंजिन यात बसतं का?

उत्तर: नटबोल्ट

आधी हेड खोला. इंजिन बदलायचा विचार त्यानंतर.

ऑइल टाकूनही कॉम्प्रेशन वाढलं नाही, म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी आणि जवळपास सारखेच पडलेत, म्हणजे त्या दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीवर हेडखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारा थर) जळालंय. पण तेवढ्याने ऑइलमध्ये पाणी येत नाही, नुसतं एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन दुसऱ्यात जातं. पाणी ऑइलपर्यंत पोचलंय म्हणजे एकतर हेड वाकून गॅस्केट पाण्याच्या वाटेवरही सुटलंय, नाहीतर हेडला तडा गेलाय. ब्लॉक (हेडखालचं इंजिनचं धड) बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर हेड जास्त फुगतं, पण बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे मधोमध वाकतं.

ही गाडी तोवर चालवू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलचा पापुद्रा बेअरिंगवर टिकत नाही. तशी शे-दोनशे किलोमीटर चालवली तर आज हेडपुरतं असलेलं काम क्रँकपर्यंत जाईल.

उत्तर: जुनी_गाडी

अदलाबदलीचं सांगतो. ओम्नीचं इंजिनही ७९६ सीसीचंच, पण ते गाडीत उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. ८००मध्ये इंजिन आडवं असतं. त्यामुळे ओम्नीचं इंजिन जसंच्या तसं आणून ठेवता येत नाही. ऑल्टोचं एफ८डी हे १२ व्हॉल्व्हचं, इंजेक्शनवालं. त्यासाठी ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक), पूर्ण वायरिंग, सेन्सर आणि दाबाने पेट्रोल देणारा पंप बसवावा लागतो. यातलं काही अर्धवट राहिलं की गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये पडून राहते. बदलायचंच असेल तर कार्ब्युरेटरवालं एफ८बीच घ्या.

आणि जुनं इंजिन फिरवून दाखवल्याशिवाय घेऊ नका. जमिनीवर ठेवूनही बॅटरी आणि स्टार्टर जोडून कॉम्प्रेशन घेता येतं. सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा. तिन्ही आकडे एकमेकांच्या १५ पीएसआयच्या आत हवेत. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवा. काळं चालेल, पांढरं लोणी लागलं तर तेही इंजिन तुमच्याच आजाराचं.

कागदपत्रांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी लागते आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फेरनोंदणी असते, तेव्हा इन्स्पेक्टर नंबर ताडून पाहतो. नंबर जुळला नाही तर गाडी पास होत नाही. म्हणून पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं मागून घ्या. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर तिथून निघा.

रविवार_गॅरेज

हेड उतरवलं. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये गॅस्केटची पत्र्याची कड बोटभर काळी पडून तुटली आहे. तिसरा पिस्टन घासून धुतल्यासारखा स्वच्छ, बाकी दोघांवर काजळी. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावून मधोमध ०.१२ मिमी फट मिळाली. ब्लॉकवर ०.०३.

उत्तर: नटबोल्ट

तिसरा पिस्टन वाफेने धुतला गेलाय. पाणी तिथूनच आत जात होतं. हेड वाकण्याची मर्यादा ०.०५ मिमी, त्यामुळे हेड फेसिंग (कापून सपाट करणं) करावंच लागेल. ब्लॉक ठीक आहे.

फेसिंगच्या आधी मशीन शॉपमध्ये हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. व्हॉल्व्ह सीटांच्या मधली जागा नीट पाहायला सांगा, तडा बहुधा तिथेच जातो. तडा निघाला तर वेल्डिंगच्या नादी लागू नका, दुसरं हेड घ्या. तडा नसेल तर सपाट होण्यापुरतंच कापायचं. उगाच जास्त घेतलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजिन ठोकायला लागतं. बोअरवेलचं खारं पाणी वापरलेल्या हेडमध्ये पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडलेल्या असतात. तो खड्डा गॅस्केटच्या कडेखाली येत असेल तर नवं गॅस्केटही तिथेच सुटेल.

व्हॉल्व्ह घासून घ्या आणि सील नवी टाका. मग हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओता. दहा मिनिटांत पोर्टमध्ये ओल आली तर सीट अजून बसलेली नाही.

खालचं ऑइल चेंबरही उतरवा आणि एका कनेक्टिंग रॉडची कॅप काढून बेअरिंग पाहा. सगळीकडे एकसारखं राखाडी असेल तर चांगलं. तांब्याचा रंग दिसू लागला असेल तर सेट बदला.

उत्तर: टॉर्क_पाना

बसवतानाच्या चुका जास्त महाग पडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्लॉकचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा. ग्राइंडरची चकती नको. तिने खड्डे पडतात आणि तिची भुकटी थेट बेअरिंगमध्ये जाते. बोल्टांची भोकं हवेने फुंकून पूर्ण कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला वाट नसते आणि ब्लॉक फुटू शकतो. गॅस्केटची ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर. त्याला सिलिकॉन लावू नका. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळा: २, ४, आणि शेवटी ५.५ ते ६ किलोग्रॅम-मीटर. अंदाजाने नाही, टॉर्क पान्यानेच.

टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप आताच नवे टाका. बेल्ट चढवल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का पाहा. व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनवर ०.१५ मिमी. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२, वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाके मारेल.

पहिलं ऑइल स्वस्तातलं २०डब्ल्यू-४० टाका, पाच मिनिटं आयडलवर चालवून गरम असतानाच काढा. फेस दिसला तर पुन्हा एकदा. मग नवा फिल्टर आणि चांगलं ऑइल.

रविवार_गॅरेज

प्रेशर टेस्ट पास, तडा नाही. बेअरिंग राखाडीच. पण गाडी मुळात तापली का?

उत्तर: जुनी_गाडी

हे शोधल्याशिवाय हेड चढवू नका, नाहीतर पुढच्या घाटात नवं गॅस्केटही जळेल. थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा आणि पाणी तापवा. उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी तो उघडला पाहिजे. रेडिएटर उलट्या दिशेने धुवा. गरम गाडीवर मधला भाग हाताला थंड लागत असेल तर नळ्या चोंदल्यात, तो बदला. पंखा सुरू होत नसेल तर रेडिएटरवरच्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून पाहा. पंखा फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर फ्यूज, रिले किंवा मोटर.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी थंड असतानाच सुरू करा आणि वरचा पाइप गरम होईपर्यंत थेंबाथेंबाने भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. पहिल्या दिवशी दहा किलोमीटर चालवा, रात्रभर थंड होऊ द्या, आणि सकाळी पाण्याची पातळी आणि डिपस्टिक पाहून इथे लिहा.