पॉल मोशन रचनाकार म्हणून ऐकायचाय, सुरुवात कुठून करू?

मध्यलय (धागाकर्ता)

जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकूटाचं २५ जून १९६१चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं ध्वनिमुद्रण पुरेसं ऐकून झालंय. आता त्यातल्या ड्रम्सवाल्याचे, म्हणजे पॉल मोशनचे, त्याच्या स्वतःच्या नावावरचे अल्बम हवे आहेत. यादी उघडली की संपत नाही, म्हणून हा धागा. अटी अशा :

– गट छोटा हवा, तिघांपासून फार तर सातजणांपर्यंत.
– शक्यतो त्याने स्वतः बांधलेल्या चिजा.
– तबला थोडाफार येतो, मात्रा मोजता येतात. पण 'इट शुड हॅव हॅपन्ड अ लाँग टाइम अगो' लावलं आणि पाच मिनिटांत सम सापडली नाही. नेमकं काय चुकतंय?
– साधनं : मोबाइल, ब्लूटूथ इयरफोन, घरी एक सीडी प्लेअर. विकत घ्यायचा तर एकच संच परवडेल.

तबकडी

समेचं आधी, नाहीतर पुढची यादी वाया जाईल. त्या चिजेत सम नाहीच, त्यामुळे तुमचं काही चुकलेलं नाही. मोशनच्या बऱ्याच संथ चिजा आलापासारख्या अनिबद्ध चालतात. आलापात तबला गप्प असतो, इथे मात्र ड्रम्स चालू असतात, म्हणून फसायला होतं. जो लव्हानो टेनर सॅक्सवर सुरावट मांडतो, बिल फ्रिझेल गिटारवर तिच्याखाली रंग भरतो आणि मोशन दोघांच्या श्वासाच्या जागा हेरून ठोका ठेवतो, कधी स्वराच्या किंचित आधी, कधी स्वर विझल्यावर. त्यात डबल बेस नाही, म्हणजे खालून लय धरणारंही कोणी नाही.

मोजणं सोडा आणि सुरावट पाठ करा. ती छोटी असते. तीन-चार वेळा ऐकून गुणगुणता आली की ठोका कशाला उत्तर देतोय ते कळायला लागतं.

फ्रिझेलबद्दल एक बारकावा. त्या काळात तो व्हॉल्यूम पेडल भरपूर वापरतो. तार छेडताना पेडल बंद, मग हळूच उघडतो. त्यामुळे छेडल्याचा आघात ऐकूच येत नाही, स्वर हवेतून उगवल्यासारखा येतो. तिघांपैकी एकाच्या वाद्याला आघातच नाही म्हटल्यावर सिंबलवरचा (ड्रम्सच्या झांजेवरचा) एक साधा ठोकासुद्धा केवढा मोठा होतो ते बघा. हा अल्बम जुलै १९८४चा, ईसीएम या कंपनीचा. त्यात 'इंडिया' नावाची चीज आहे, पण सतार-तबल्याची अपेक्षा ठेवू नका. तेच तीन लोक, तीच वाद्यं.

मात्रा मोजण्याचीच हौस असेल तर 'ऑन ब्रॉडवे'चा पहिला खंड घ्या (जेएमटी कंपनी, ध्वनिमुद्रण १९८८). चिजा मोशनच्या नाहीत, जुनी अमेरिकन नाट्य-चित्रपटगीतं आहेत, पण त्याचं वाजवणं कळण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. इथे चार्ली हेडन बेसवर आहे. 'ओव्हर द रेनबो' धरा. ३२ मापांचं (बारचं) गाणं, ८-८ मापांचे चार तुकडे : पहिला, तोच पुन्हा, वेगळा अंतरा, मग पहिला परत. प्रत्येक मापात ४ मात्रा, म्हणजे एक फेरी १२८ मात्रांची, तीनतालाची बरोबर ८ आवर्तनं. हेडनच्या बेसवर टाळी धरा आणि मोशन प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी काय करतो ते ऐका. साधा ड्रम्सवाला तिथे तिहाईसारखं काहीतरी वाजवून समेवर आदळतो. हा नेमका तिथेच हात काढून घेतो.

काळी_चार

वरचं सगळं मान्य, पण धागाकर्त्याला *रचनाकार* हवाय. त्यासाठी सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे एकच चीज दोन काळांत ऐकायची. मोशनने आपल्या चिजा आयुष्यभर वेगवेगळ्या माणसांच्या हातात दिल्या. चिजेत काय लिहिलेलं आहे आणि वाजवणाऱ्याने काय घातलंय ते या जोड्यांतूनच वेगळं होतं.

'कन्सेप्शन व्हेसल' : नोव्हेंबर १९७२च्या त्याच नावाच्या अल्बमवर, म्हणजे मोशनच्या नेतृत्वाखालच्या पहिल्याच अल्बमवर, फक्त कीथ जॅरेटचा पियानो आणि ड्रम्स. मग १९८४मध्ये लव्हानो आणि फ्रिझेलबरोबर. पियानोत दहा बोटांनी भरलेली जागा दुसऱ्यात रिकामी ठेवलेली आहे, तरी चीज उभी राहते.

'डान्स' : १९७७च्या त्याच नावाच्या अल्बमवर चार्ल्स ब्रॅकीनचा सॅक्स आणि डेव्हिड आयझेन्झनचा बेस. २००४ला ध्वनिमुद्रित झालेल्या 'आय हॅव द रूम अबव्ह हर'वर पुन्हा, बेसशिवाय.

'ॲबॅकस' आणि 'ड्रम म्युझिक' : १९७९च्या 'ल व्हॉयाज'वर ब्रॅकीन आणि बेसवर जे. एफ. जेनी-क्लार्क, आणि तीस वर्षांनी, फेब्रुवारी २००९मध्ये व्हॅनगार्डमध्ये प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झालेल्या 'लॉस्ट इन अ ड्रीम'वर सॅक्सवाला ख्रिस पॉटर आणि पियानोवर जेसन मोरान. एकच जोडी ऐकायला वेळ असेल तर ही. 'ड्रम म्युझिक'चं नावच सांगतं की चीज ड्रम्सच्या बाजूने सुचलेली आहे. सुरावटीचे तुकडे तुटक, एकेका फटक्यासारखे, आणि मधल्या फटीत ड्रम्स. सॅक्सचा तुकडा तबल्याच्या बोलांसारखा तोंडाने म्हणून बघा, ताबडतोब बसतो.

'एट्यूड' : डिसेंबर १९८१ला ध्वनिमुद्रित झालेल्या 'साम'वर (रोमन लिपीत सुरुवातीला पी आहे, तो उच्चारायचा नाही) आणि नोव्हेंबर २००४च्या 'गार्डन ऑफ ईडन'वर.

क्रम नेहमी नवं आधी, जुनं नंतर असा ठेवा. नव्या ध्वनिमुद्रणात सुरावट स्वच्छ ऐकू येते, ती डोक्यात बसली की जुन्यातली मोकळीक पचते. उलट केलं की सत्तरच्या दशकातल्या अल्बमवर गाडी अडकते आणि माणूस सोडून देतो.

झपताल

'गार्डन ऑफ ईडन' कोणी पहिल्यांदा ऐकायला देऊ नये असं माझं मत. अल्बम उत्तम, पण सातजणांत दोन टेनर सॅक्स (ख्रिस चीक, टोनी मलाबी) आणि *तीन* गिटारी (स्टीव्ह कार्डेनस, बेन मॉन्डर, याकोब ब्रो), शिवाय जेरोम हॅरिसचा बेस. कोण कुठे आहे ते सवय नसताना उलगडत नाही. सुरुवातीला जॅझ बेसवादक चार्ल्स मिंगसच्या दोन चिजा आहेत, त्या झाल्यावर मोशनच्या छोट्या चिजा एकामागून एक येतात, आणि एक संपून दुसरी कधी लागली हेच ध्यानात राहत नाही. रोज दोन-दोन ऐका, एका बैठकीत संपवायला जाऊ नका.

शोधतानाचे खड्डे :

आडनाव एम-ओ-टी-आय-ए-एन असं टाइप करा. उच्चाराप्रमाणे टाकलं तर भलतंच काही येईल.

'बिल एव्हान्स' नावाचा मोशनचा एक अल्बम आहे, जेएमटीचा, १९९०चा. तिथे एव्हान्स स्वतः नाही, तो १९८०मध्येच गेला. त्याच्या चिजा लव्हानो, फ्रिझेल, मार्क जॉन्सन आणि मोशन वाजवतात, पियानो नाही. लोक पियानो कुठे गेला म्हणून शोधत बसतात.

'ऑन ब्रॉडवे' नुसतं टाकलं तर जॉर्ज बेन्सनचं गाणं वर येतं. मोशनचे खंड पाच. पहिले दोन हेडनसह, तिसऱ्यात ली कॉनिट्झचा ऑल्टो सॅक्स वाढतो, पुढचे दोन बऱ्याच वर्षांनी, वेगळ्या लोकांबरोबर. तिसऱ्याचं जरा जास्तच कौतुक होतं असं मला वाटतं. पहिले दोन पुरेत.

जेएमटी ही कंपनी आता नाही. त्यांचे अल्बम पुढे म्युनिकच्या विंटर अँड विंटरने पुठ्ठ्याच्या वेष्टनात काढले. जुन्या बाजारात दोन्ही दिसतात, संगीत तेच असतं. 'मूळ प्रत' म्हणून कोणी दुप्पट मागितले तर देऊ नका.

मध्यलय

'ॲबॅकस'ची जोडी ऐकली, युक्ती लागू पडतेय. दोन प्रश्न. एकच संच घ्यायचा तर कोणता? आणि इयरफोनवर सिंबलचा आवाज सगळा एकात एक मिसळून फेसासारखा येतोय. ध्वनिमुद्रणच तसं आहे का?

ब्रशवाला

दुसऱ्याचं आधी. ध्वनिमुद्रण तसं नाही. कमी डेटाची सेटिंग असेल तर ॲप ध्वनी दाबून पाठवतं, आणि दाबताना पहिला बळी वरच्या पट्टीचा, म्हणजे सिंबलचा. मोशनच्या सिंबलला रिव्हेट (सैल बसवलेले छोटे खिळे) असतात, ठोका पडल्यावर ते थरथरत राहतात आणि आवाजाला लांब, सळसळती शेपटी येते. दाबलेल्या ध्वनीत नेमकी ही शेपटी पाण्यात बुडाल्यासारखी होते. वर ब्लूटूथ तोच ध्वनी पुन्हा एकदा दाबतो. म्हणून :

१. ॲपमधली गुणवत्ता सगळ्यात वरच्या पायरीवर न्या. वायफायची आणि मोबाइल डेटाची सेटिंग वेगवेगळी असते, दोन्ही बदला.
२. तारवाले इयरफोन लावा, निदान पहिल्या काही वेळा.
३. आवाज सारखा ठेवणारी सेटिंग बंद करा. मोशन अतिशय हळू वाजवतो आणि मध्येच एकदम मोठा फटका मारतो. ही सोय चालू असली की 'ड्रम म्युझिक' आणि एखादी संथ चीज सारख्याच उंचीवर येऊन बसतात.
४. गाणी एकमेकांत विरघळवणारी सेटिंग शून्यावर आणा, नाहीतर शेवटच्या सिंबलवर पुढची चीज चढते.

मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. बेस ड्रम गायब होतो, आणि मोशनचा अर्धा विचार पायात असतो. तो बेस ड्रम न दाबता, मोकळा ठेवून वाजवतो, त्यामुळे आवाज 'ठप्प' न येता 'धुम्म' असा घुमतो, डग्ग्याच्या मोकळ्या घिस्स्यासारखा. पायाचा हा ठोका ठेक्यासाठी नसतो, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिल्यासारखा एखादाच येतो. सीडी प्लेअरला साधे का होईना दोन स्पीकर जोडा.

ब्रश (काठीऐवजी वापरायचे तारांचे कुंचले) ऐकायचे तर कुठलाही संथ तुकडा घ्या आणि फक्त डाव्या हातावर लक्ष ठेवा. स्नेअरवर (समोरच्या छोट्या ड्रमवर) ब्रश गोल फिरतो तेव्हा 'श्श' असा सलग आवाज यायला हवा. मोशन तो मध्येच तोडतो, वर्तुळ अर्धवट सोडतो. १९६१च्या ध्वनिमुद्रणातही ही सवय पकडता येते. मग लगेच 'साउंड ऑफ लव्ह' लावा. जून १९९५चं, तोच व्हॅनगार्ड, चौतीस वर्षांनंतर, लव्हानो आणि फ्रिझेलबरोबर. खोली एकच असल्यामुळे तुलना स्वच्छ होते. ईसीएमच्या अल्बमवर प्रतिध्वनी भरपूर असतो, तिथे ही बारीक कामं धूसर होतात.

तबकडी

संचाचं. ईसीएमने २०१३मध्ये सहा सीडींचा संच काढला : 'कन्सेप्शन व्हेसल', 'ट्रिब्यूट', 'डान्स', 'ल व्हॉयाज', 'साम', 'इट शुड हॅव हॅपन्ड'. म्हणजे १९७२ ते १९८४, काळी_चार यांच्या सगळ्या जोड्यांची जुनी बाजू एका डब्यात. नवी बाजू ॲपवर आहे, ईसीएमचा साठा नोव्हेंबर २०१७पासून तिथे उपलब्ध आहे. तुमच्या अटींत हाच बसतो.

सोल नोट या इटालियन कंपनीकडचे पाचजणांचे अल्बमही तोडीचे आहेत : 'द स्टोरी ऑफ मरियम', 'जॅक ऑफ क्लब्ज', 'मिस्टिरिओसो'. लव्हानो आणि जिम पेपर असे दोन टेनर, फ्रिझेल, एड शुलरचा बेस. बेस असल्यामुळे पाय टेकायला जागा मिळते, आणि चिजा जास्त चटपटीत आहेत. पण ते दुसऱ्या खेपेला.

संच हातात आला की क्रमाने लावू नका. 'साम' आधी. त्यातली 'मँडव्हिल' एखाद्या साध्या गाण्यासारखी आहे, लगेच तोंडात बसते. मग १९८४चा, मग 'ल व्हॉयाज', मग 'डान्स'. 'ट्रिब्यूट'मध्ये दोन गिटारी आहेत, आणि सगळ्या चिजा मोशनच्या नाहीत : 'वॉर ऑर्फन्स' ऑर्नेट कोलमनची, 'साँग फॉर चे' हेडनची. 'कन्सेप्शन व्हेसल' शेवटी. त्यात 'ची एनर्जी' हे नुसतं ड्रम्सचं एकलवादन आहे. स्वतंत्र तबलावादनाची सवय असलेल्यांना पेशकार-कायदा-रेल्यासारखी चढण अपेक्षित असते, इथे ती नाही. लय वाढत नेऊन टाळ्या घ्यायचा बेतच नाही.

मध्यलय

संच ठरला. चिजा पेटीवर वाजवून बघायच्या असतील तर लिखित स्वरूपात मिळतात का?

काळी_चार

मिळतात. त्याच्या रचना दोन खंडांत छापून आल्या आहेत, पहिला खंड १९७३ ते १९८९चा. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता यायला हवी. कागदावर बघून निराश होऊ नका, बऱ्याच चिजा एका पानात संपतात. कागदावर सुरावट असते, तिची लय तुम्ही ठरवायची.

पेटीवर बसवताना डाव्या हाताने सूर भरू नका, भाता हलका ठेवून एकेरी सुरावट वाजवा. 'मँडव्हिल'पासून सुरू करा, 'ॲबॅकस' नंतर. तबल्याला कोणी जोडीदार असेल तर त्याला ठेका धरू नको म्हणून आधीच सांगा. केरवा लावला की 'मँडव्हिल'चं भावगीत होतं.